कुंदाआत्याची गव्हाण

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी म्युनिकच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि टेबलावर उलटा ठेवलेला माझा फोन सारखा थरथरत होता. पडद्यावर आतोबांचं नाव होतं. आतोबा कधीच फोन करत नाहीत. फोन आत्यानं करायचा, तिचं बोलून झालं की मागून त्यांनी मोठ्यानं "सेर्वुस, मेधा!" असा नमस्कार ठोकायचा, ही त्या घरची जुनी रीत. त्यामुळे नाव दिसलं तेव्हाच मला कळायचं ते कळलं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. आतोबा बव्हेरियातल्या खेड्यात जन्मलेले, आमच्या कुंदाआत्याशी लग्न करून स्वयंपाकघरापुरतं मराठी शिकलेले. एरवी माझ्याशी ते जर्मनच बोलतात. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाले, "कुंदा गेली." मला वाटलं, फोन कट झाला. मग पुन्हा त्यांचा आवाज आला, आता जर्मनमध्ये. "वर गव्हाण रिकामी आहे. परवापासून कोणी गेलेलं नाही."

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. बायको जाऊन तास झाला नाही आणि ह्या माणसाला हरणांचं गवत सुचतंय! पण तो राग लिफ्ट तळमजल्यावर येईपर्यंतसुद्धा टिकला नाही. गव्हाण रिकामी राहू देणार नाही असा शब्द आतोबांनी दिलेला नव्हता, मी दिला होता. त्या आठवड्यात आत्याला हॉस्पिटलात हलवल्यापासून ते तिच्या उशाशी बसून होते, मी दोन दिवस ऑफिसात अडकले होते आणि बाहेर बर्फ पडत राहिला होता. त्यांची मुलगी आन्या फ्रँकफर्टहून निघालीच होती. मी ट्रेन पकडली, हॉस्पिटलच्या गावी उतरले नाही, तशीच पुढे आत्याच्या गावी गेले. गोठ्यातून गवताचे भारे काढून घसरगाडीवर बांधले आणि ती ओढत जंगलातल्या गव्हाणीपाशी चढले. तळाच्या फळ्यांवरचा भुसासुद्धा कोणीतरी चाटून नेला होता. गवत भरलं, सफरचंदाच्या चोथ्याचं कुंड भरलं, आणि मगच आत्याला शेवटचं भेटायला गेले. माझ्या नवऱ्यालासुद्धा हे तेव्हा विचित्र वाटलं होतं, म्हणून जरा पहिल्यापासून सांगते.

कुंदाआत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. कराडची. म्युनिकला फार्मसी शिकायला आली, शिकली, आणि परत जायच्या ऐवजी आल्प्सच्या पायथ्याच्या एका गावातल्या योझेफ नावाच्या सुताराशी लग्न करून मोकळी झाली. हा सुतार शिकारीही होता. इथे जंगलाचा एखादा तुकडा शिकारीसाठी पट्ट्यानं घेता येतो, आणि ज्यानं घेतला त्याचं नुसती शिकार करून भागत नाही. किती जनावरं टिपायची ते वरून ठरून येतं, आणि बर्फानं सगळं झाकून टाकलं की राहिलेली जगवायची, हेही त्याच्याच गळ्यात असतं. आमच्या घरी अंडं फुटलं तरी आजी ओटा धुवायची. त्या घरातली मुलगी शिकाऱ्याला देताना काय काय झालं असेल ते सांगत बसत नाही. पण आत्यानं आपल्या परीनं तोडगा काढला होता. शरद ऋतू तुमचा, हिवाळा माझा. मांस तळघरात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि रांधणार तुम्ही. आणि गव्हाणीच्या वाटेनं बंदूक न्यायची नाही, अगदी हंगामातसुद्धा नाही. आतोबांनी हे सगळं कबूल केलं आणि पाळलं. आत्या त्यांना शेवटपर्यंत "अहो" म्हणत असे. बेकरीत, पोस्टात, सगळीकडे. गावातल्या लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की कोणी मान वर करून बघतसुद्धा नसे.

गव्हाण हा शब्द तिचाच. जर्मनमध्ये त्याला वेगळं नाव आहे, पण लाकडाच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये गवत, वर छोटं छप्पर, हे पाहिल्यावर कराडच्या मुलीला दुसरं काय आठवणार? तिथे रेह येतात. रेह म्हणजे इथलं छोटं हरीण, आपल्या भेकराएवढं असेल, आणि तेवढंच भित्रं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आतोबा कामासाठी काही दिवस बाहेरगावी होते आणि गवत घालायचं काम नव्या नवरीकडे आलं. माहेरी रोज पहिली पोळी गाईला काढून ठेवायची पद्धत. त्या हातानं नुसतं गवत घालवेना. तिनं रोज पोळ्या जास्त लाटल्या, राहिलेला भात घेतला, शिळा पाव घेतला आणि सगळं नेऊन गव्हाणीत ठेवलं. सकाळी गेली की सगळं फस्त! तिला कोण आनंद झाला. मग तिनं आणखी नेलं. आतोबा परत आले तेव्हा ओढ्याकाठी एक मादी मरून पडलेली होती, पोट फुगून टम्म झालेलं.

हरीण रवंथ करणारं जनावर. हिवाळ्यात त्याचं पोट डहाळ्या, सालं, वाळलं गवत असल्या चिवट खाण्याला सरावलेलं असतं. त्यात एकदम पोळी-भात-पाव पडला की तो आतल्या आत आंबतो आणि जनावर भरल्या पोटी मरतं. आतोबांनी हे तिला शांतपणे समजावलं. दुसऱ्या कशानं मेली असेल, असंही म्हणाले. आत्यानं ते मानलं नाही. ती मला म्हणाली होती, "अगं, मी औषधांच्या दुकानात काम करणारी बाई. मात्रा चुकली की काय होतं ते लोकांना दिवसभर सांगायची. आणि मीच... आग्रह करकरून जेवायला घातलं आणि मारलं." हे तिनं मला सांगितलं तेव्हा त्या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली असतील. तरी तिचा आवाज फाटला.

हे मला कळलं ते फार पुढे. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा कायझर्सलाउटर्नला शिकत होते, आणि नाताळच्या सुट्टीत आत्याकडे जायचं म्हणजे आता आपले लाड होणार अशा खात्रीनं गेले होते. होस्टेलमध्ये पास्ता खाऊन जीव मेटाकुटीला आलेला. आत्यानं टेबलावर भांडी आणून ठेवली. वरण, भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, सगळं होतं. "हवं तेवढं घे," म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. अजून एक पोळी नाही, थोडा भात घे नाही, माझ्या गळ्याची शपथ तर नाहीच नाही. आमच्या पुण्याच्या घरी पाहुण्यानं तीनदा नको म्हटल्याशिवाय जेवण झालं असं कोणी धरत नाही. मी रात्री आईला फोन करून सांगितलं, आत्या पार जर्मन झालीय, कोरडी झालीय. आईनंही "हं" केलं. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं की काल मी दोनदा घेतलेली कोशिंबीर आज दुप्पट केलेली होती आणि न शिवलेली भाजी टेबलावर नव्हती. पाठ फिरवलेली असली तरी बाईचं सगळं लक्ष ताटात होतं.

हरणांच्या बाबतीत तिचं असंच. ती त्यांना खाताना कधी बघत नसे. मी हौसेनं दुर्बीण आणली होती, झाडाआड बसून बघू म्हणाले, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. हिवाळ्यात ह्या जनावरांनी अंगातली शेगडी मंद केलेली असते, ती म्हणायची. कमी हालायचं, कमी जाळायचं, कसंबसं वसंतापर्यंत पोचायचं. तुझ्या कौतुकापायी एकदा जरी दचकून पळालं तरी दिवसभराचं खाल्लेलं वाया. म्हणून गवत ठेवायचं आणि वळून चालू लागायचं. इतकी वर्षं जेवायला घातलेल्या पाहुण्यांची तोंडं तिनं किती वेळा पाहिली असतील कोण जाणे. ती वाचायची ते मागे उरलेलं. कुठल्या काड्या सोडल्या, कुठल्या कोपऱ्यातलं आधी संपलं, बर्फात कोणाचे खूर कुठवर येऊन परत फिरले. लेंड्यासुद्धा हातमोज्यात उचलून बघायची. सुट्ट्या, घट्ट असल्या तर ठीक, पातळ झालेल्या दिसल्या की चोथा कमी. मला पहिल्यांदा शिसारी आली होती. तिनं हातमोजा माझ्या नाकापाशी धरला आणि मिश्कीलपणे म्हणाली, "तुमच्या आयटीत फीडबॅक म्हणतात ना, तो हा."

मूळची गव्हाण आतोबांच्या वडिलांनी बांधलेली, उंच. रेह लहान, त्यांना मान वर करून गवत ओढावं लागे आणि भुसा डोळ्यांत पडे. आत्यानं ती छातीच्या उंचीवर आणायला लावली. मग तिच्या लक्षात आलं की एकच गव्हाण असली की दांडगे नर पुढे उभे राहतात आणि पिलावळ मागे ताटकळते. "पंगतीत एकच ताट मांडतात का?" असं म्हणून तिनं आतोबांकडून आणखी दोन छोट्या करून घेतल्या, एकमेकींपासून लांब, अशा जागी की खाणाऱ्याला चारी बाजूंचं दिसावं आणि वारा मात्र लागू नये. छप्पर बाहेरपर्यंत, म्हणजे गवत भिजून बुरशी धरणार नाही. चोथ्याच्या कुंडाभोवती वाशांचं कुंपण, रेह सुळकन आत जाईल पण रानडुकराचं पोट अडकेल एवढ्याच अंतराचं. हे अंतर मिळेपर्यंत आतोबांनी वासे किती वेळा उपटून पुन्हा रोवले ते तेच सांगतात, डोळे फिरवून. एका वाढदिवसाला त्यांनी तिला बॅटरीवर चालणारं यंत्र भेट दिलं. वेळ लावून ठेवायची, वेळ झाली की आपोआप मका फेकतं. त्या भाबड्या माणसाला वाटलं, बायकोची चढण वाचेल. तिनं त्यांचे मनापासून आभार मानले, रात्री केक केला, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र दुकानात परत दिलं. मका तर नकोच होता तिला, धान्य म्हटलं की अजून तिला ती ओढ्याकाठची मादी दिसायची. शिवाय त्या यंत्राला काल काय उरलं ते कुठे दिसतं, असं तिचं म्हणणं.

गवत ती फक्त एका शेतकऱ्याकडून घ्यायची, तेही दुसऱ्या कापणीचं. पहिल्या कापणीचं जाड, काडीचं, ते गाई खातात. दुसरं मऊ, पानाचं, त्यात रानफुलं असतात. मूठभर घेऊन तळहातावर चुरडायची, नाकाशी धरायची, मग एक काडी तोंडात घालून चावत शेतकऱ्याच्या अंगणात उभी राहायची. शेतकरी पहिल्या वर्षी हसला असेल, नंतर तोच टोपी काढून निकालाची वाट बघत उभा राहू लागला. जोडीला रस काढून उरलेला सफरचंदाचा चोथा, त्यात किंचित ओट्स. किंचित म्हणजे किंचितच. आणि हे सगळं करूनही हरणांना खायला घालणं बरोबर की चूक, हा वाद इथे आहे, तो तिला ठाऊक होता. निसर्गाचं निसर्गाला करू द्या म्हणणारे जाणते लोक तिच्या घरी येऊन चहा पिऊन जात. ती त्यांचं ऐकून घ्यायची. तिचं एवढंच म्हणणं होतं की सुरू करायचं की नाही ते शरदातच ठरवा. एकदा सुरू केलं की ती जनावरं गवताच्या भरवशावर वरच थांबतात, खाली दरीत उतरत नाहीत. मग हिरवं फुटेपर्यंत एकदाही हात आखडता घ्यायचा नाही. अर्धवट घालण्यापेक्षा न घातलेलं बरं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये हाच प्रश्न तिच्यापुढे आला. तिच्या पोटातल्या गाठीचं निदान झालेलं होतं, आन्यानं मला फोनवर सांगितलं होतं. आत्याचा फोन आला तो, "रविवारी ये गं, गवताचं ठरवायचंय," असा. मी ट्रेनमध्ये वाक्यं जुळवत गेले. आजारी माणसाशी काय बोलायचं, काय नाही. पोचले तर तिनं चहा ठेवला आणि थेट मुद्द्यावर आली. शेतकरी गवत राखून बसलाय, त्याला हो की नाही सांगायचंय. आतोबा म्हणाले, "आल्झो, तर मग, ह्या वर्षी नको. सुरूच करायला नको. पहिल्या बर्फाला ती आपणहून खाली उतरतील."

"खाली आता तो मोठा रस्ता झालाय," आत्या म्हणाली. "उतरतील हो, पण परत किती चढतील?"

"मग सुरू कर. पुढे मी बघीन."

"अहो, तुमचे गुडघे बघा आधी."

दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेला माणूस. आन्या फ्रँकफर्टला, बँकेत, लहान मुलं. आत्या कपातला चमचा फिरवत बसली. मग म्हणाली, "मी हिरवं बघेन असं डॉक्टरांना काही वाटत नाही. सुरू केलं आणि मध्येच बंद पडलं तर... गुडघाभर बर्फात ती कुठे जातील? आणि नाही केलं तर रस्ता आहेच. मला काही सुचत नाहीये, मेधा." हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. आता ती मला विचारणार, असं मला वाटलं. दुसरी कोणी आत्या असती तर हात धरून म्हणाली असती, तुझ्याशिवाय मला कोण आहे. मी म्युनिकला, तासाभराच्या अंतरावर, आठवड्यातले निम्मे दिवस होम ऑफिस. पण कुंदाआत्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती उठली, नळ सोडला आणि आमच्याकडे पाठ करून कप धुवायला लागली. तीन कपांना लागतो त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ ती ते धूत होती. मला थंडी म्हणजे वैयक्तिक अपमान वाटतो. बर्फात चालायला लागलं तर मी दहा मिनिटांत कुरकुरते. पण ती पाठ मला बघवेना.

"मी येईन," मी म्हटलं.

ती वळली नाही. "हे सणावारी येण्यासारखं नाही हं. ट्रेन रद्द होतात, तुझं ऑफिस आहे, घर आहे..."

"आत्या, येईन म्हटलं ना."

"हिरवं फुटेपर्यंत?"

"हिरवं फुटेपर्यंत."

नळ बंद झाला. तिनं हात पुसले आणि तिथूनच शेतकऱ्याला फोन लावला. ट्रेनमध्ये जुळवलेलं एकही वाक्य मी त्या दिवशी बोलले नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर आम्ही दोघी जात होतो. आधी मूठमूठ, पोटाला सवय व्हावी म्हणून, मग हळूहळू वाढवत. चढणीवर ती थांबे, घसरगाडीच्या कडेवर टेके, "तू हो पुढे," म्हणे, आणि मी पुढे गेले की मागून सूचना सुरू. गवत दाबून भरू नकोस. पट्ट्यांतून ओढता आलं पाहिजे. खालचं जुनं आधी काढ. मी वैतागून एकदा म्हटलं की एवढी काळजी माझ्या लग्नातसुद्धा कोणी केली नव्हती. ती इतकी हसली की तिला खोकला आला आणि मग आम्ही दोघी बराच वेळ बर्फात बसून राहिलो... नाताळाच्या सुमारास तिचं वर येणं थांबलं. मी गवत घालून उतरले की ती खिडकीतल्या खुर्चीत असे आणि मी बूट काढायच्या आत विचारी, "काय उरलं?" किती घातलंस हे तिनं कधीच विचारलं नाही. मी सांगायची, डावीकडच्या गव्हाणीत जाड काड्या उरल्या, कुंडात काही नाही. ती डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. मला तेव्हा कळत होतं की ही बाई आता इथून उठून कुठे जाणार नाही, आणि तरी मी काड्यांबद्दल बोलत राहायची, कारण ते बोलताना तिचा चेहरा दुखणं विसरलेला दिसे. जानेवारीत आन्या आली होती. आईचा हात हातात घेऊन ती जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, आता तरी त्या हरणांना सोड." आत्या मराठीत म्हणाली, "ती मला सोडतील गं, हिरवं फुटलं की." आन्याला मराठी कळतं. ती उठून बाहेर गेली.

आत्या गेली, त्यानंतरही बर्फ बरेच दिवस होता. अंत्यसंस्कार झाले, पुण्याहून बाबा येऊन गेले, आन्या परत फ्रँकफर्टला गेली. मी येत राहिले. आठवड्यातून तीनदा, सकाळच्या ट्रेननं. गवत घालून खाली आले की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. आतोबा स्वयंपाक करायचे. आत्याच्या आमटीची त्यांनी पाहून पाहून जी काही कृती धरली होती तिच्यात चिंच कधी विसरायचे, कधी दोनदा घालायचे. मी जेवायची. ते समोर बसून माझ्या ताटाकडे न बघता खिडकीबाहेर बघायचे. मग विचारायचे, "काय उरलं?" त्यांच्या मराठीत ते "काय उरला" असं येई. मी सांगायची. आम्ही तिच्याबद्दल बोलत नव्हतो. दुसरं काही सुचतही नव्हतं.

मार्च संपता संपता दक्षिणेकडच्या उताराचा बर्फ गेला. एका सकाळी मी वर पोचले तर तिन्ही गव्हाणींतलं गवत होतं तसंच. बुरशी आली का? मी चुरडून वास घेतला. चांगलं होतं. लेंड्या शोधल्या, ताज्या नव्हत्या. दोन दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा तसंच. परतताना ओढ्याकडच्या झुडपांपाशी थांबले, तर काट्यांच्या वेलीला नखाएवढी पानं फुटली होती आणि त्यातली कितीतरी कोणीतरी नुकतीच खुडून नेली होती.

मी घरी येऊन सांगितलं तसे आतोबा म्हणाले, मला बघायचंय. दोन काठ्या घेऊन, दर वळणावर थांबत, ते वर आले. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच. गव्हाणीसमोर उभे राहिले, पट्ट्यांतून हात घालून गवत चाचपलं. "नाही खाल्ला," ते मराठीत म्हणाले. वाढलेलं कोणी टाकून दिलंय हे पाहून इतकं सुखावलेलं माणूस मी आजवर पाहिलं नाही. मग आम्ही तिन्ही गव्हाणी रिकाम्या केल्या. उरलेलं गवत तसं ठेवत नाहीत, पावसाळी हवेत कुजतं आणि पिलांच्या तोंडी लागतं. ते पोत्याचं तोंड धरून उभे राहिले, मी ओढून ओढून भरत होते. फळ्या झाडल्या, कुंड पालथं घातलं. हॉस्पिटलात मला रडू आलं नव्हतं, अंत्यसंस्कारातही नाही. आता हातात झाडू घेऊन मी ओक्साबोक्शी रडले. वचन पुरं झालं होतं आणि मला ते पुरं व्हायला नको होतं. "काय उरलं" ह्याचं उत्तर जिला द्यायचं, ती नव्हती. आतोबा माझ्याकडे पाठ करून पोत्याचं तोंड बांधत बसले. सुतार माणूस, एवढी साधी गाठ, पण ती काही लवकर बसेना.

उतरताना वाट चिखलाची होती. ते पुढे, मी पोतं घेऊन मागे. अर्ध्या वाटेवर ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "बुधवारी कितीच्या ट्रेननं येतेस?"

बुधवार हा गवताचा वार होता. गवत आता नव्हतं, पुढच्या शरदापर्यंत लागणारही नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"नेहमीच्याच," मी म्हटलं.

"गेनाऊ. बरोबर," ते म्हणाले, आणि काठी पुढे टेकली.